नाव विकलेला माणूस

ज्या माणसाला आयुष्यात कधी गिटार वाजवता आली नाही, तिच्या सहा तारा सुरात लावणेही ज्याला जमले नाही, त्या माणसाने गिटारचे रूप आणि आवाज दोन्ही बदलून टाकले. क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर हे त्याचे पूर्ण नाव. कामगार आणि वादक त्याला नुसते लिओ म्हणत. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलांना ‘फेंडर’ हा शब्द पक्का ठाऊक असतो. पण तो गिटारच्या माथ्यावर छापलेला असतो म्हणून. ते एका माणसाचे आडनाव होते, ते त्याने एका करारावर सही करून विकले, आणि त्यानंतर तो सव्वीस वर्षे जगला, ही हकिगत फारशी सांगितली जात नाही. नोकरीची सगळी वर्षे दुसऱ्यांचे ताळेबंद वाचण्यात गेल्यामुळे असेल, मला मात्र लिओ फेंडरच्या आयुष्यातला हाच भाग सर्वांत जास्त खुणावतो. ताळेबंदात ‘गुडविल’ नावाचा एक रकाना असतो. त्यात आकडा लिहिला की व्यवहार पुरा होतो. तो आकडा ज्याच्या हातांनी कमावलेला असतो, त्या माणसाचे पुढे काय होते, हे तिथे लिहायची सोय नसते.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. दक्षिण कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटी नावाचा जिल्हा आहे. तिथल्या ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये फेंडर कुटुंबाची संत्र्यांची बाग होती. १९५५ साली जिथे डिस्नेलँड उभे राहिले तो हा मुलूख. तेव्हा नजर पोहोचेल तिथवर बागाच होत्या. बागेतल्या कोठारातच लिओ जन्मला. लहानपणी त्याच्या एका डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला. मुलगा तसा अबोल. पियानो आणि सॅक्सोफोन थोडेफार शिकला, पण बोटांत ते फारसे उतरले नाही. पुढे सांता मारिया गावातल्या एका नातलगाच्या दुकानात त्याने एक घरगुती रेडिओ पाहिला. मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या त्या नातलगाने तो स्वतः जोडला होता, आणि त्याच्या कर्ण्यातून मोठ्या आवाजात संगीत येत होते. त्या आवाजाने पोराला जे पकडले ते शेवटपर्यंत सोडले नाही. घरी तो रेडिओ उघडू लागला, जोडू लागला, शेजाऱ्यांचे दुरुस्त करून देऊ लागला.

पण पोटापाण्याचा विचार घरोघरी असतो तसाच तिथेही होता. १९२८ साली हायस्कूल संपवून लिओ फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात गेला आणि विषय घेतला हिशेबनिसीचा. इलेक्ट्रॉनिक्सचा रीतसर अभ्यासक्रम त्याने कधीच केला नाही. एका बर्फाच्या कंपनीत आधी माल पोहोचवण्याचे आणि मग हिशेबाचे काम केले. १९३४ साली एस्थर क्लॉस्की या मुलीशी लग्न केले, राज्याच्या महामार्ग खात्यात हिशेबनीस म्हणून लागला. महामंदीचे दिवस होते. ती जागा रद्द झाली. मग एका टायर कंपनीच्या हिशेब विभागात गेला. सहा महिन्यांत तिथल्याही हिशेबनिसांना नारळ मिळाला. तेव्हा १९३८ साली लिओने सहाशे डॉलर्स कर्जाऊ घेतले आणि फुलर्टनला येऊन रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले.

हा अर्ज एखाद्या शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर आला असता तर काय झाले असते, याचा मी कधी कधी विचार करतो. अर्जदाराचे वय जेमतेम एकोणतीस. शिक्षण हिशेबाचे आणि धंदा रेडिओचा. दोन नोकऱ्या गेलेल्या, बाजारात मंदी. शेरा काय पडला असता ते सांगायला नको.

दुकान चालले. लिओ रेडिओ दुरुस्त करी, रेकॉर्डी विकी, समारंभांसाठी लाउडस्पीकर भाड्याने देई. एस्थरची टेलिफोन कंपनीत नोकरी होती आणि सुरुवातीच्या ओढगस्तीत त्या पगाराचा फार आधार होता. दुकानात आसपासचे वादकही येऊ लागले. कुणाचा अँप्लिफायर खरखरतोय, कुणाच्या गिटारचा आवाज ढोलापुढे पोहोचत नाही. त्यांच्या तक्रारी ऐकताना लिओला त्याचे खरे काम सापडले.

विजेवरची गिटार लिओने शोधली असे नव्हे. १९३० च्या दशकाच्या आरंभीच जॉर्ज बोशॅम्प आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे देऊन पिकअप तयार केला होता. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की त्या वेढ्यांमध्ये क्षीण वीज निर्माण होते, अँप्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरमधून सूर बाहेर पडतो. ही युक्ती प्रथम मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवायन गिटारला लागू पडली. हे वाद्य आपल्याही ओळखीचे. व्हॅन शिपले यांनी त्यावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुना आपल्याकडच्या एका पिढीने आवडीने ऐकल्या. लिओची सुरुवातही ह्याच वाद्यापासून झाली. डॉक कॉफमन नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने १९४५ साली हवायन गिटारी आणि अँप्लिफायर विकायला काढले. कॉफमन १९४६ साली बाजूला झाला आणि लिओ आपल्या आडनावाने धंदा करू लागला.

उभी धरून वाजवायच्या साध्या गिटारचा प्रश्न मात्र वेगळा होता. तिची पेटी पोकळ असते. पिकअप लावून आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज त्या पोकळीत घुमतो, पुन्हा पिकअपमध्ये शिरतो आणि माइक स्पीकरसमोर धरल्यावर होते तशी कर्कश शीळ सुरू होते. उपाय एकच होता : पेटी पोकळ ठेवायची नाही, भरीव लाकूड वापरायचे.

असा भरीव लाकडाचा प्रयोग त्या काळात आणखीही काहीजण करत होते. त्यांत लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी गावचा पॉल बिग्स्बी हा अव्वल कारागीर. मूळचा मोटारसायकलींचा शौकीन, ओतकामाचे साचे बनवण्यात हातखंडा. १९४८ साली मर्ल ट्रॅव्हिस या गायक-वादकाने कागदावर काढून दिलेल्या चित्रावरून बिग्स्बीने एक सडपातळ गिटार घडवली. तिच्या माथ्यावर सहाही खुंट्या एकाच ओळीत होत्या. पुढे लिओच्या गिटारींवरही खुंट्या एका ओळीत दिसल्या आणि वाद उभा राहिला. आपली गिटार लिओने पाहायला नेली होती, असे ट्रॅव्हिस सांगत राहिला. ही कल्पना क्रोएशियातल्या लोकवाद्यांवरून सुचली, असे लिओचे म्हणणे होते. हा निवाडा आज कुणी करू शकणार नाही. दोघांतला फरक मात्र स्पष्ट होता. बिग्स्बी गिऱ्हाइकाच्या मापाने, त्याच्या हौसेप्रमाणे एकेक गिटार बनवी. तिच्यावर वादकाचे नाव कोरी. प्रत्येक गिटार अलौकिक, आणि तिच्यासाठी थांबणाऱ्यांची रांग मोठी. लिओने विचार केला तो रांगेत उभे राहणे ज्याला परवडणार नाही, त्या वादकाचा.

हा वादक म्हणजे नाचगाण्याच्या क्लबमध्ये रात्रीच्या बिदागीवर वाजवणारा माणूस. त्याची गिटार बिघडली तर त्याची रात्रीची मजुरी बुडते. जुन्या पद्धतीत दांडी पेटीला सरसाने चिकटवलेली असे. ती वाकली की वाद्य कारागिराकडे महिनाभर अडकायचे. लिओने दांडी चार स्क्रूंनी बसवली. बिघडली तर स्क्रू काढा, नवी लावा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचाच हा विचार : जे बनवायचे ते उघडता आले पाहिजे. १९५० साली आलेल्या ह्या गिटारचे नाव ‘ब्रॉडकास्टर’. व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात तिची होडीचे वल्हे म्हणून टिंगल झाली. त्यातच ग्रेच कंपनीने कळवले की जवळपास ह्याच नावाचे ढोल आम्ही विकतो. लिओने वाद घातला नाही. छापून ठेवलेल्या पट्ट्यांवरचे ‘ब्रॉडकास्टर’ हे अक्षर कापून टाकले आणि काही महिने नुसते ‘फेंडर’ लिहिलेल्या गिटारी विकल्या. १९५१ साली तिला ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळाले. दूरदर्शन तेव्हा अमेरिकेत घरोघर शिरत होते.

त्याच वर्षी लिओने बास गिटार काढली. तोवर खर्जासाठी माणसाहून उंच डबल बास वापरत. ती वाहून नेताना वादकाचा जीव मेटाकुटीला येई. दांडीवर पडदे नसल्यामुळे बोट केसभर सरकले तरी सूर हलायचा. लिओने चार तारांची, पडदे असलेली, खांद्याला अडकवता येणारी गिटार केली आणि सूर नेमका लागतो म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’ ठेवले. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक बँडमध्ये, आपल्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रातसुद्धा, पोटात धडधडणारा जो खर्ज आपण ऐकतो, त्याचे मूळ हे आहे.

१९५४ साली आलेली ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही त्याची सर्वांत गाजलेली निर्मिती. तिचा प्रत्येक वळसा एखाद्या वादकाच्या तक्रारीतून आलेला आहे. टेलिकास्टरची कड बरगडीत रुतते, असे वादक म्हणाले. लिओने मागची आणि हाताखालची कड तासून काढली. प्रत्येक तार वेगळी जुळवता यावी म्हणून घोडीचे सहा स्वतंत्र तुकडे केले. दोनाऐवजी तीन पिकअप दिले. सूर कंपित करण्यासाठी एक दांडा दिला आणि पाठीमागे त्याच्या स्प्रिंगा बसवल्या. बिल कार्सनसारख्या वादकांना तो नमुने वापरायला देई आणि त्यांच्या सूचना घेऊन परत टेबलाशी बसे. १९५३ पासून त्याच्याजवळ फ्रेडी टॅव्हारेस हा हवाईचा उत्तम वादक आणि ड्राफ्ट्समन होता; स्ट्रॅटोकास्टरच्या आराखड्यात त्याचा मोठा वाटा आहे. ज्याला स्वतःला वाजवता येत नाही, त्याला वाजवणाऱ्याचे ऐकावेच लागते. लिओच्या बाबतीत हा उणेपणा भांडवलासारखा कामी आला.

कारखाना वाढत गेला. पिकअपच्या तारांचे वेढे द्यायला, सुटे भाग जोडायला फुलर्टन परिसरातल्या स्त्रिया होत्या. त्यांत मेक्सिकन वंशाच्या पुष्कळ. दांड्या घडवणाऱ्या कामगारांत टाडेओ गोमेझ नावाचा एकजण होता. दांडी तयार झाली की तिच्या बुंध्यावर तो पेन्सिलीने आपल्या नावाची आद्याक्षरे आणि तारीख लिही. दांडी पेटीवर बसली की ती अक्षरे झाकली जात. विकत घेणाऱ्याला माथ्यावरचे ‘फेंडर’ तेवढे दिसे. आज जुन्या गिटारींचे संग्राहक चार स्क्रू काढून आधी ती पेन्सिलीची अक्षरे शोधतात, आणि ‘टी. जी.’ दिसले की त्यांचा चेहरा उजळतो.

१९६४ अखेर कंपनीत सुमारे सहाशे माणसे कामाला होती. पण मालक खचला होता. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून लिओला सायनसच्या जंतुसंसर्गाने गाठले होते. डोके, घसा, ताप. औषधाने बरे वाटे आणि पुन्हा उलटे. आपण फार दिवसांचे सोबती नाही असे त्याच्या मनाने घेतले. आपल्यामागे एवढा पसारा कोण आवरणार, कामगारांचे काय होणार, ही काळजी होतीच. विक्रीची बाजू सांभाळणाऱ्या डॉन रँडॉलने सीबीएस या बलाढ्य प्रसारण कंपनीशी बोलणी केली आणि जानेवारी १९६५ मध्ये सौदा झाला. किंमत एक कोटी तीस लाख डॉलर्स. ह्याच सीबीएसने आदल्या वर्षी न्यूयॉर्क यँकीज या जगप्रसिद्ध बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता, तोसुद्धा याहून कमी पैशांत. सहाशे डॉलर्सच्या कर्जावर सत्तावीस वर्षांत उभी राहिलेली ही रक्कम. कुठल्याही बँकेने आनंदाने फाइल बंद करावी असा व्यवहार.

फाइलमध्ये दोन गोष्टी होत्या. ‘फेंडर’ हे नाव आता सीबीएसचे. आणि दहा वर्षे लिओने ह्या धंद्यात स्पर्धा करायची नाही. काही वर्षे सल्लागार म्हणून त्याला ठेवण्यात आले. पण मोठ्या कंपन्यांत सल्लागाराचे कुणी किती ऐकते, हे सांगायला नको.

मग दैवाने एक विचित्र गोष्ट केली. सौद्यानंतर काही वर्षांनी एका डॉक्टरांनी प्रतिजैविकांचा मोठा मारा केला आणि इतकी वर्षे न हटलेला तो आजार बरा झाला. मरणाच्या धास्तीने ज्याने घरदार आवरते घ्यावे तसा कारखाना विकला, तो माणूस साठीच्या उंबरठ्यावर ठणठणीत होऊन बसला. हाताला काम नाही आणि नाव दुसऱ्याच्या मालकीचे.

त्याच नावाचा झेंडा जगभर फडकू लागला होता. सौदा होऊन सात महिने झाले नाहीत तोच, जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन स्ट्रॅटोकास्टर घेऊन मंचावर आला आणि प्रेक्षकांत खळबळ उडाली. ती गिटार २०१३ साली लिलावात नऊ लाख पासष्ट हजार डॉलर्सना गेली. नवी असताना तिची किंमत काही शे डॉलर्स होती. १९६९ साली वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने उजव्या हाताची पांढरी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून वाजवली आणि जिथून शीळ येऊ नये म्हणून लिओने जन्मभर खटपट केली, तीच शीळ मुद्दाम काढून तिचे संगीत केले. लिओला स्वतःला आवडे ते खेड्यापाड्यांतले साधे कंट्री संगीत. इंग्लंडमध्ये जिम मार्शलने आपला पहिला अँप्लिफायर लिओच्या ‘बासमन’वरून बेतला होता; रॉक संगीताचा तो गडगडाटही एका अर्थी फुलर्टनचाच.

सीबीएसने उत्पादन वाढवले, दर्जा सांभाळला नाही. सत्तरच्या दशकात वादक नवी गिटार घेण्याऐवजी १९६५ पूर्वीची शोधू लागले. ‘सीबीएसपूर्व’ हा जुन्या बाजारातला परवलीचा शब्द झाला. नाव तेच, गाव तेच, बरेचसे कामगारही तेच. तरी गिऱ्हाईक कशाला मोजत होते? ताळेबंदाने ज्याला गुडविल म्हटले ते माथ्यावरच्या अक्षरांबरोबर पूर्णपणे हस्तांतरित झाले नव्हते, हाच त्याचा अर्थ.

लिओने दहा वर्षे करार पाळला, निदान उघडपणे. त्याच्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी काढलेल्या ‘म्युझिक मॅन’ कंपनीत तो पडद्याआडचा भागीदार राहिला आणि मुदत संपल्यावर १९७५ साली तिचा अध्यक्ष झाला. १९७६ साली तिथून ‘स्टिंगरे’ ही बास गिटार आली. बास वाजवणारे तिला आजही मानतात. पुढे भागीदारांशी बिनसले. १९७९ साली एस्थर गेली. ज्या बाईच्या पगारावर दुकानाने पहिली वर्षे काढली तिच्याबरोबरचा पंचेचाळीस वर्षांचा संसार संपला. १९८० साली लिओने फिलिसशी दुसरे लग्न केले आणि त्याच वर्षी, एकाहत्तराव्या वर्षात, जुना साथीदार जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर तिसरी कंपनी सुरू केली. तिला फेंडर म्हणता येणार नव्हते. जॉर्जचा ‘जी’ आणि लिओचा ‘एल’ घेऊन नाव ठेवले ‘जी अँड एल’. कारखान्याचा पत्ता होता फुलर्टन गावातला फेंडर ॲव्हेन्यू. रस्त्याला त्याचे नाव चालत होते. कंपनीला चालणार नव्हते.

१९८५ साली त्याने आपल्या पहिल्या गिटारच्या धर्तीवर नवी गिटार काढली आणि तिला जुनेच नाव दिले, ‘ब्रॉडकास्टर’. फेंडर कंपनीने हरकत घेतली. पस्तीस वर्षांपूर्वी जे नाव ग्रेचने सोडायला लावले, तेच आता त्याच्याच आडनावाच्या कंपनीने सोडायला लावले. लिओने ह्या वेळीही वाद वाढवला नाही. गिटारचे नाव बदलून ‘असॅट’ केले आणि तो पुन्हा पिकअपमधल्या चुंबकांकडे वळला.

त्याच १९८५ साली सीबीएसने फेंडर कंपनी विकायला काढली. बिल शुल्ट्झ आणि कंपनीतल्या माणसांनीच ती घेतली, एक कोटी पंचवीस लाख डॉलर्सना. वीस वर्षांपूर्वीच्या किमतीहून पाच लाख कमी, आणि मधल्या महागाईचा हिशेब वेगळाच. सौद्यात कारखान्याची इमारतसुद्धा नव्हती. नव्या मालकांनी आधी जपानमध्ये बनवून घेतलेल्या गिटारींवर दम धरला, मग कॅलिफोर्नियातच कोरोना गावी नवा कारखाना उभारला आणि १९८७ साली तिथे ‘कस्टम शॉप’ सुरू केले. गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे एकेक गिटार हाताने घडवून देणारा हा विभाग. १९९५ पासून तर तिथे नव्या गिटारीचा रंग मुद्दाम घासून, धातू गंजवून ती पन्नाशीच्या दशकातली वाटेल अशी करून मिळू लागली. बिग्स्बीच्या वाटेने न जाता लिओने सर्वांसाठी बनवलेली गिटार अशी फिरून बिग्स्बीच्याच वाटेवर आली. बिग्स्बीने आपला धंदा १९६६ साली विकला होता आणि १९६८ साली तो वारला; हे पाहायला तो उरला नव्हता.

लिओ मात्र होता, आणि काम करत होता. कंपवाताने हात थरथरू लागले, बोलणे मंदावले. तरी रोज सकाळी तो फेंडर ॲव्हेन्यूवरच्या आपल्या खोलीत जाऊन बसे. टेबलावर चुंबक, वेढ्यांची रिळे, स्क्रू, अर्धवट घोड्या. १९४० च्या दशकात केलेले काम त्याला अपुरे वाटे. आता जे हातात आहे ते अधिक चांगले, असा त्याचा विश्वास होता. बाजार त्याच्या जुन्या गिटारींसाठी वेडा झाला होता आणि त्याला त्यांच्यातल्या खोडी दिसत होत्या.

२१ मार्च १९९१ रोजी लिओ फेंडर वारला. आदल्या दिवशीही तो कामावर जाऊन आला होता. जी अँड एलच्या लोकांनी त्याची खोली बंद करून, टेबलावर जे जसे होते ते तसेच राहू दिले. पुढच्या वर्षी, १९९२ साली, त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. ज्यांना आयुष्यभर टाळ्या पडल्या अशा गायक-वादकांच्या त्या यादीत, एकही सूर न वाजवलेल्या एका हिशेबनिसाचे नाव लिहिले गेले, आणि ते आडनावासकट पूर्ण लिहायला कुणाची परवानगी लागली नाही.